ब्रोल्गा कुणाची

कलंबरी, ९ फेब्रुवारी

लेस्टरमामा,

तुझा पत्ता मी मावसभाऊ डॅरलच्या गाडीतून चोरला. नाताळात तू त्याला पाठवलेलं कार्ड त्यानं काचेपाशी खोचून ठेवलंय. त्याला काही बोलू नकोस. तुझा ठावठिकाणा फक्त त्यालाच माहीत आहे, या समजुतीत बिचारा खूश आहे.

तुझ्या त्या गुरांच्या फार्मवर फोन लागत नाही म्हणे. लागला असता तरी मी केला नसता. फोन तू ठेवून दिला असतास. पत्र चुलीत घालायचं असलं तरी माणूस आधी एकदा उघडून बघतो.

मी डेल्सी, तुझ्या बहिणीची मुलगी. ओळख द्यायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण आठ वर्षं झाली. तू गेलास तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. दात अजून तसेच आहेत.

नॅन, तुझी आई, बरी आहे. गुडघे गेलेत, जीभ जागेवर आहे. तुझं नाव घरात निघत नाही. डॅरल एकदा चुकून "लेस्टर म्हणायचा की" असं म्हणाला, तर नॅननं त्याच्यासमोरची चहाची कपबशी उचलून धुवायला टाकली. अर्धा चहा होता त्यात.

माझा एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर दे आणि विसरून जा.

गावाबाहेरची पाण्याची मोठी टाकी आठवते ना? कौन्सिलला तिच्यावर तळ्यातले पक्षी रंगवून हवेत. लांबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांनी गाड्या थांबवाव्यात, फोटो काढावेत, बेकरीतून पॅटिस घेऊन खावेत, असा बेत आहे. काम मला मिळू शकतं. मी शाळा सोडल्यापासून पक्षीच काढतेय. तारांवर झोके घेणारे गुलाबी गलाह, कचराकुंडीवरचे आयबिस, बाथरूमच्या खिडकीत स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडणारा निळा रेन. तू म्हणायचास, पक्षी कशाला घाबरतो ते कळेपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. मी अजून तसंच करते. तासन्‌तास बसते. पण हल्ली बसवत नाही. उठते, चालते, परत येते, तोवर पक्षी गेलेला असतो.

प्रश्न असा, की टाकीवर मी ब्रोल्गा काढू का? आपली, पंखातल्या रेघांसकट.

तळ्यावर शेवटची ब्रोल्गा येऊन नऊ वर्षं झाली. पाणीच पोचत नाही. गावातल्या पोरांना तो लाल डोक्याचा, नाचणारा, माणसाएवढा पक्षी म्हणजे काय ते ठाऊक नाही. म्हणून वाटलं.

हो किंवा नाही एवढंच लिही. एक मार्चच्या आत आलं तर बरं.

डेल्सी


कलंबरी, ६ मार्च

मामा,

उत्तर आलं नाही. पोस्टातली बाई मला बघितलं की आता लांबूनच मान हलवते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट उलटी लिहिली होती. काम "मिळू शकतं" असं नाही. डिसेंबरातच मिळालंय. सही झालीय. चित्राचा आराखडाही दिलाय, आणि त्यात मध्यभागी ब्रोल्गा आहे, पंख पसरलेली, टाकीच्या निम्म्या घेराची. म्हणजे मी तुला विचारत नव्हते. विचारल्यासारखं करत होते.

कौन्सिलमध्ये ब्रॉनवेन नावाची बाई हे काम बघते. वाईट नाही ती. बूट नेहमी चिखलाचे असतात, म्हणून मला आवडते. तिनं कागद पुढे केला तेव्हा विचारलं, "डेल्सी, या पक्ष्याचं तुमच्या आदिवासी घराण्याशी नातं आहे असं मला कुणीतरी सांगितलं. घरच्या मोठ्यांची संमती आहे ना?"

"आहे."

"कुणाची?"

"माझ्या मामाची."

"ते इथे येऊन सही करतील?"

"तो लांब असतो. त्यानं मला तोंडी सांगितलंय."

तिनं रकान्यात तुझं नाव लिहिलं आणि मी खाली सही केली. बाहेर पडल्यावर मी धावत सुटले. कुणी पाठीमागे नव्हतं. तरी नदीपर्यंत धावले.

नॅनला वाटतं मी टाकीवर गलाह काढणार आहे. परवा ती म्हणाली, "गलाहच ना? नाहीतर ती भांडकुदळ काढ." भांडकुदळ म्हणजे ते राखाडी अपॉसल पक्षी, दहा-बाराच्या टोळीनं हिंडतात आणि सकाळपासून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. मी म्हटलं, "ते कोण बघायला येणार?" ती म्हणाली, "आपल्याला तरी कोण बघायला येतं? आपण राहतोच ना."

तू गेलास ती गोष्ट घरात कशी सांगतात माहीत आहे का? सांगतात म्हणजे पूर्वी नॅनची बहीण, फे आंटी सांगायची. की लेस्टरनं वहीतली ब्रोल्गा शहरातल्या माणसाला विकली. मग ती चहाच्या टॉवेलांवर आली, किल्लीच्या कड्यांवर आली, विमानतळावरच्या दुकानात लटकली. नॅननं तुला शिकवलेल्या पंखातल्या रेघांनी लोक बशा पुसायला लागले. नॅननं विचारलं, "तू दिलंस?" आणि तू म्हणालास, "मी दिलं." त्यावर नॅन एवढंच म्हणाली, "मग तुझं इथे काय उरलं?"

एवढीच गोष्ट आहे. सगळ्यांना पाठ आहे. मलाही.

पुढच्या सोमवारी टाकीला परांची बांधायला माणसं येणार आहेत. अजूनही वेळ आहे. नाही म्हण, नाहीतर हो म्हण.

डेल्सी


कलंबरी, २७ मार्च

मामा,

तुझं पत्र आलं. तीन ओळी. इथे पुन्हा लिहून काढते म्हणजे काय लिहिलंस ते तुलाही दिसेल.

"ब्रोल्गा माझी नाही. आईची आहे. तिला विचार. टाकीवर चढताना दोर बांध."

आठ वर्षांनी तीन ओळी, त्यातली एक दोराबद्दल.

तिला विचार म्हणे. तुला माहीत आहे मी तिला विचारू शकत नाही. तुझ्याखेरीज ते कुणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच मी तुला लिहिलं. तू ते माझ्या तोंडून वदवून घेतोयस का? की तू खरंच साधा आहेस? तुझी बहीण, म्हणजे मम, म्हणायची, लेस्टर साधा नाही, लेस्टर गप्प आहे, दोन्हींत फरक आहे.

आता ऐक. मी काम सुरू केलंय. हे पत्र परांचीवर बसून लिहितेय, डबा खायच्या सुट्टीत. हात रंगलेत म्हणून कागदाला डाग आहेत. पाय झाले. ब्रोल्गाचे पाय माझ्या उंचीच्या दुप्पट आहेत. गुडघ्याची ती मागे वळणारी गाठ तीन वेळा खोडली. खालून बेकरीवाला ओरडतो, "शहामृग आहे का?" मी ब्रश रंगात बुडवते.

शाळेची मुलं जेवणाच्या सुट्टीत कुंपणाशी येऊन उभी राहतात. काल एक लहान मुलगी, आपल्यातलीच, फे आंटीच्या गल्लीतली, म्हणाली, "हिचं नाव काय?" मी सांगितलं. ती घरी जाईपर्यंत ते नाव म्हणत गेली. मला आनंदही झाला आणि चोरी पकडल्यासारखंही झालं. दोन्ही एकदम कसं होतं?

झोप लागते, पण पडून राहवत नाही. उजाडायच्या आधी उठते आणि तळ्याच्या कोरड्या पात्रातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. चिखल वाळून कपच्या झाल्यात, पायाखाली मोडतात.

पंख अजून काढलेले नाहीत. रेघा अजून काढलेल्या नाहीत.

दोर बांधते.

डेल्सी


कलंबरी, १९ एप्रिल

मामा,

पंख झाले. रेघा झाल्या. माझ्या हाताला त्या इतक्या पाठ आहेत की वही लागली नाही. आता जे लिहायचं ते लिहिते.

तुझ्या वहीतलं पान मी फाडलं.

तो दिवस तुला माहीत नाही, म्हणून सांगते. तू मेंढ्या कातरायच्या कामाला गेला होतास, मम दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर होती. मी तळ्याकाठी तुझी वही घेऊन बसले होते. घ्यायची नाही असं तू सांगितलं होतंस. पांढऱ्या गाडीतून एक माणूस उतरला. टोपी घातलेला, गोड बोलणारा. त्यानं विचारलं, "हे तू काढलंस?" आणि मी हो म्हटलं. खोटं तिथे सुरू झालं. विक्री नंतरची. मला त्याच्या डोळ्यांत तो "अरे वा" बघायचा होता. आमच्याकडे कोण बघायला येत होतं?

त्यानं गाडीतून पेन्सिलींचा डबा काढला. पत्र्याचा, अठ्ठेचाळीस रंग, झाकणावर डोंगर. म्हणाला, हे पान देतेस का, मला माझ्या मुलीला दाखवायचंय. मुलगी होती की नव्हती कोण जाणे. मी पान फाडलं. सरळ फाडलं, घडीवर नख ओढून, तुला कळू नये म्हणून.

तू पाच महिन्यांनी मला तो डबा घेऊन पलंगाखाली बसलेली पाहिलंस. तेव्हा टॉवेल आलेला होता, फे आंटीनं तो नॅनच्या टेबलावर टाकलेला होता, आणि स्वयंपाकघरात सगळे बोलत होते. तू वाकलास. डबा बघितलास. झाकण लावलंस, आणि पलंगाखाली आणखी आत सरकवलास. मग उठून बाहेर गेलास. मी तिथून ऐकलं, "मी दिलं."

मी बाहेर आले नाही.

मी बारा वर्षांची होते असं मी स्वतःला सांगते. मग तेरा झाले. मग चौदा. मग मम गेली तेव्हा सोळा होते, आणि तू मातीला आलास. तुला वाटलं कुणी बघितलं नाही. स्मशानाच्या तारेपलीकडे, झाडाखाली, टोपी हातात घेऊन उभा होतास. मी बघितलं. नॅननंही बघितलं, पण तिनं मान वळवली. तुझ्या सख्ख्या बहिणीवर माती पडत होती आणि तू तारेबाहेर होतास. मी एक वाक्य बोलले असते तर तू आत आला असतास. माझ्या शेजारीच नॅन होती. तिचा हात माझ्या हातात होता.

हे सगळं मी त्याच पेन्सिलींनी शिकले, मामा. लोक म्हणतात डेल्सीचा हात उपजत आहे.

आता काय करू ते सांग. या वेळी तीन ओळींपेक्षा जास्त लिही.

डेल्सी


कलंबरी, २ जून

मामा,

तू लिहिलंस, "पेन्सिली मला माहीत होत्या, तू लहान होतीस. म्हातारीला आता कशाला. सांगू नकोस."

मी सांगितलं.

तुझं पत्र खिशात घेऊन आठ दिवस फिरले. तू मला सोडवलं होतंस. खरं तर मी हलकी व्हायला हवी होते, पण जेवण जाईना. टाकीखाली उभी राहून वर बघितलं की ती ब्रोल्गा मला ओळखत नाही असं वाटायचं. गावातले लोक हात मिळवायला येत होते. बेकरीवाल्यानं फुकट पॅटिस दिला. तो मी कुत्र्याला घातला.

रविवारी दुपारी नॅन तव्यावर जॉनी केक भाजत होती, भाकरीसारखे जाड. रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मामाच्या वहीतलं पान मी दिलं होतं."

ती म्हणाली, "रेडिओ बारीक कर, ऐकू येत नाही."

मी रेडिओ बंद केला आणि परत म्हटलं.

"कुठलं पान?"

"ब्रोल्गाचं. त्या माणसाला. मामानं नाही दिलं."

तिनं गॅस बंद केला. तव्यावरचा केक तसाच राहिला. "काय मिळालं त्याचं?"

"रंगीत पेन्सिली."

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

"संपल्या?"

"पांढरी उरलीय."

तिनं पीठ लागलेले हात पुसले. मग म्हणाली, "म्हणजे मुलाला मी पेन्सिलींपायी घालवला." मी म्हटलं, "नॅन, चूक माझी." ती म्हणाली, "तुझी आहेच. तुझी बाजूला ठेव. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोटच्या पोराला एकदाच विचारलं." आणि मग ती बोलायची थांबली. रागानं नव्हे. जणू बोलणं कुठेतरी ठेवून आली होती आणि जागा आठवत नव्हती. नऊ दिवस. फे आंटी येऊन बसायची, मीही बसायचे, मग मला बसवायचं नाही, मी परसात फेऱ्या मारायचे. फे आंटी आतून म्हणायची, "पोरी, जमिनीला भोक पडेल."

दहाव्या दिवशी नॅन म्हणाली, "डॅरलला गाडी काढायला सांग. टाकी दाखव."

ती गाडीतून उतरली नाही. काच खाली केली. ब्रोल्गा पूर्ण झालेली होती, फक्त पायाशी गवत राहिलं होतं. सकाळचं ऊन पंखावर होतं. नॅननं पायापासून नजर हळूहळू वर नेली. रेघांपाशी तिचे ओठ हलले. मोजत होती की म्हणत होती कळलं नाही.

"सुंदर काढलीस," ती म्हणाली. "पुसून टाक."

डॅरल म्हणाला, "नॅन, दोन महिन्यांचं काम आहे ते."

"मी तुझ्याशी बोलत नाही."

मी म्हटलं, "आता विचारते तुला. खरंच विचारते. तू हो म्हणू शकतेस."

"म्हणू शकते. पण उचलून नेलेली वस्तू आधी जागेवर ठेव. मग माग. ती हातात धरून मागत नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर चढले. पांढऱ्या रंगाची सहा पिंपं लागली. आधी रेघा झाकल्या, त्या झाकेपर्यंत कुणाशी बोलले नाही. मग पंख, मग मान. डोकं शेवटी. लाल रंग पांढऱ्यातून दोनदा वर आला. खाली लोक जमले होते. बेकरीवाला दुकान सोडून आला होता. ती लहान मुलगी मात्र रडायला लागली आणि तिच्या आईनं माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरणार नाही.

ब्रॉनवेन धावत आली. "डेल्सी, खाली ये. काय झालंय?"

मी खाली उतरले आणि तिला सांगितलं की रकान्यातलं नाव खोटं होतं. तिनं मान वर करून पांढऱ्या टाकीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला हे वर कळवावं लागेल." मी म्हटलं, "कळव." ती जाताना परत वळली. "आधी मला का नाही सांगितलंस?" याचं उत्तर मला येत असतं तर तुला चार महिन्यांत पाच पत्रं लिहावी लागली नसती.

तू सांगू नकोस म्हणाला होतास. तुझं ऐकलं नाही. रागाव.

डेल्सी


कलंबरी, १७ जुलै

मामा,

तू गप्प. डॅरल सांगतो, तू मालकाकडे आणखी दोन वर्षांचं काम मागून घेतलंस. मी ते ऐकलं आणि मला कळलं की तू रागावला आहेस, आणि कशाबद्दल तेही थोडंसं कळलं. आठ वर्षं तू माझ्यासाठी काहीतरी उचलून धरलं होतंस. मी तुला न विचारता ते खाली ठेवलं. आता रिकाम्या हातांचं काय करायचं, असं झालं असेल.

इकडचं सांगते. कौन्सिलची बैठक झाली. काम माझ्याकडून काढून शहरातल्या कुणाला तरी द्यावं असं दोघांचं मत होतं. नॅन स्वतः गेली, फे आंटीचा हात धरून. मी बाहेर बाकावर. दार उघडं होतं म्हणून ऐकलं. ती म्हणाली, "मुलीनं खोटं लिहिलं. ते तुम्हांला कळलं, कारण तिनंच सांगितलं. जे काढलं ते तिनंच पुसलं. तुमच्यापैकी कुणी स्वतःचं काम असं पुसलंय का कधी?" मग एकजण म्हणाला, "आजी, पण आता काढणार काय?" नॅन म्हणाली, "ते तिचं तिला विचारा. ती बाहेरच आहे, कान लावून."

मी आत गेले. काय काढणार ते मला ठाऊक नव्हतं. उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "भांडकुदळ."

लोक हसले. पण विचार कर, मामा. नऊ वर्षं तळं कोरडं होतं तेव्हा इथे कोण राहिलं? ब्रोल्गा गेल्या, पेलिकन गेले, बदकं गेली. राहिले ते हे. रंग नाही, नाच नाही, दिवसभर कटकट. चिखलाचं घरटं सगळे मिळून बांधतात. पिल्लू कुणाचंही असो, चोचीत घास सगळे घालतात. मी आता त्यांच्यापाशी बसते. कशाला घाबरतात माहीत आहे? ससाण्याला घाबरत नाहीत, त्याच्यावर तर धावून जातात. टोळीतला एक मागे राहिला की घाबरतात. मग सगळे थांबतात आणि तो येईपर्यंत ओरडत राहतात.

हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाही. बघितलं तेच लिहिलं.

काम निम्मं झालंय. दोर बांधते.

डेल्सी


कलंबरी, २५ सप्टेंबर

मामा,

वर डोंगरात पाऊस झाला आणि नदी फुगली. मंगळवारी पाणी तळ्यात शिरलं. आधी आवाज आला, कोरड्या पात्रात कुणी कागद चुरगाळावा तसा. सगळी गल्ली काठावर उभी होती. बदकं आली, आयबिस आले. ब्रोल्गा आलेल्या नाहीत. मी रोज बघते. येतील असं मी कुणाला सांगत नाही.

टाकी पूर्ण झाली. लोक गाड्या थांबवतात, विचारतात हे कोणते पक्षी, आणि गावकरी मोठ्या ऐटीत सांगतात. ब्रॉनवेननं उद्घाटनाला नॅनला खुर्ची दिली. नॅन तिथून लवकर उठली. घरी येऊन म्हणाली, "ते झालं. आता दुसरं."

मी म्हटलं, "दुसरं काय?"

"लेस्टर कुठे राहतो?"

तुझं नाव तिच्या तोंडून आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "आपण त्याला लिहू. ये म्हणू." तिनं मान हलवली. "कुणी घालवलं त्याला? मी. मग आणायला जायचं कुणी? त्यानं यावं कशाला?"

फे आंटी म्हणाली, "अगं, तीन दिवसांची बस आहे. तुझे गुडघे."

"गुडघे बसलेलेच असणार ना बसमध्ये."

मी तिला सांगितलं की तू रागावला असशील, स्थानकावर येणार नाहीस. ती म्हणाली, "तो तारेपलीकडे उभा होता त्या दिवशी मी मान वळवली. आता तो वळवेल. फिट्टंफाट झाल्यावर बोलू."

मग मीही जातेय. पुढच्या आठवड्यात पूल पाण्याखाली जाईल असं म्हणतात, म्हणून उद्याच निघतो. डॅरल मोठ्या गावापर्यंत सोडेल. हे पत्र आमच्या पुढे पोचावं म्हणून मी जास्तीचं तिकीट लावून पाठवतेय. आम्ही तुझ्या गावाच्या थांब्यावर गुरुवारी दुपारी दोनला उतरू. फार्म तिथून लांब आहे ते मला कळतं. कुणाची गाडी नसली तर आम्ही थांब्यावरच थांबू. नॅननं उशी घेतलीय, थर्मास घेतलाय, आणि एका डब्यात काहीतरी आहे ते मला उघडू देत नाही.

मला तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटते. सगळं लिहून झालंय, तरी वाटते. पण काल पहिल्यांदा मी एका जागी बसून पूर्ण जेवले.

नॅनला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तिनं पेन काढून घेतलं. मिशनच्या शाळेत दोनच वर्षं गेलेली ती, अक्षर मोठं आणि वाकडं आहे, सावकाश वाच. कागदाच्या मागे आहे. हातानं झाकून लिहिलं तिनं, पाऊण तास लागला. मी वाचलेलं नाही.

डेल्सी